बादली-फडक्यापासून स्वतःच्या धंद्यापर्यंत

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात तरुणांसमोर केलेले भाषण)



समितीने मला तरुणांच्या रोजगारावर बोलायला सांगितलं आहे. या विषयावर आपण सर्वांनी पुष्कळ भाषणं ऐकलेली आहेत. शिका, पुढे या, उद्योगधंदा करा, असं सगळेच सांगतात. पण कोणता धंदा, त्याला भांडवल किती, पहिल्या दिवशी काय करायचं आणि कुठे फसायला होतं, हे कोणी सांगत नाही. म्हणून मी आज एकाच धंद्याबद्दल बोलणार आहे. तो म्हणजे श्रीमंतांच्या गाड्या त्यांच्या दारात जाऊन साफ करण्याचा आणि राखण्याचा. काही जण हसताहेत. हसू नका, शेवटपर्यंत ऐका, मग ठरवा.

आपला हा सगळा गिरणगाव. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनंतर गिरण्यांच्या जमिनींवर बांधकामं सुरू झाली. फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला हे आपण डोळ्यांनी पाहिलं. आज लोअर परळ-वरळीला असे टॉवर आहेत, की ज्यांचे खालचे कितीतरी मजले नुसत्या गाड्या ठेवायला आहेत. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी, पोर्शे सगळ्या आहेत. आणि सकाळी पाच वाजता त्या गाड्या धुवायला कोण जातं? आपल्याच वस्त्यांतली पोरं जातात. महिन्याला गाडीमागे काही शे रुपये मिळतात. सुट्टी नाही, आजारपण नाही, आणि एका ओरखड्यावरून काम जातं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की त्याच गाडीवर, त्याच पार्किंगमध्ये, त्याच हातांनी केलेल्या कामाचे दहा पट पैसे घेणारी माणसं या मुंबईत आहेत. त्या कामाला 'डिटेलिंग' म्हणतात. मग धुणाऱ्यात आणि डिटेलिंगवाल्यात फरक काय? गाडीचा रंग, काच, चामडं, रबर आणि प्लॅस्टिक यांची जाण हा पहिला फरक. स्वतःची अवजारं हा दुसरा. आणि लेखी दर व लेखी जबाबदारी हा तिसरा. बाकी मेहनत दोघांची सारखीच आहे.

हा धंदा काही कालचा नाही. अमेरिकेत फ्रँक मेग्वायर नावाच्या माणसाने १९०१ साली फर्निचरचं पॉलिश बनवून विकायला सुरुवात केली. त्या काळी मोटारींची बॉडी घोडागाडीसारखी लाकडाची असायची, म्हणून लाकडाचं पॉलिश गाड्यांनाही चालायला लागलं. आज ते नाव जगभर गाड्यांच्या पॉलिशच्या बाटल्यांवर आहे. कॅलिफोर्नियात पेबल बीच या ठिकाणी १९५० साली जुन्या, दुर्मीळ गाड्यांचं प्रदर्शन आणि स्पर्धा सुरू झाली. तिथे गाडी तयार करून उभी करणारे हे कारागीरच असतात. तिकडे त्यांना नोकर समजत नाहीत.

आता श्रीमंत माणूस दुकानात गाडी न पाठवता माणूस घरी का बोलावतो, ते समजून घ्या. कारण हे समजलं नाही तर दर सांगताना तुमची जीभ अडखळेल. पहिलं म्हणजे त्याला वेळ नाही. दुसरं, कोटीभर रुपयांची गाडी अनोळखी पोराच्या हातात देऊन रस्त्यावर पाठवायची त्याला भीती वाटते. तिसरं, गाडीत त्याची कागदपत्रं, मुलांच्या वस्तू, घरच्या चाव्या असतात. तेव्हा तो पैसे देतो ते नुसत्या चमकण्याचे देत नाही. आपण नसताना गाडीला काही होणार नाही, या निश्चिंतीचे तो पैसे देतो. ती निश्चिंती देता आली तर धंदा आहे. ती देता येत नसेल, तर कितीही भारी मशीन घेतलं तरी उपयोग नाही.

आता कामाकडे येऊ. गाडीच्या पत्र्यावर एकच रंग असतो असं आपल्याला वाटतं. तसं नाही. पत्र्यावर आधी गंज न लागण्यासाठी एक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक त्याची असते आणि उन्हापासून रंगाचं रक्षणही तोच करतो. कंपनीतून आलेल्या गाडीचे हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यात क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे सगळी चमक केसापेक्षाही पातळ अशा एका थरावर उभी आहे.

आपला पोरगा काय करतो? एक बादली आणि एक फडकं. त्याच फडक्याने पहिल्या गाडीची चाकं, त्यानेच दुसरीचं बॉनेट. बादलीच्या तळाशी रेती बसलेली. ती रेती फडक्याबरोबर वर येते आणि क्लिअर कोटवर बारीक बारीक रेघा उमटवते. सावलीत दिसत नाही. उन्हात किंवा दिव्याखाली गाडी पाहिली की कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात. यात त्या पोराचा दोष नाही, त्याला कोणी शिकवलंच नाही. पण गाडीमालकाला त्याचंच नुकसान दिसतं, आणि मग तो हजारो रुपये दुसऱ्याला देऊन त्या रेघा काढून घेतो. म्हणजे बिघडवायचं काम आपल्या वाट्याला आणि सुधारायचे पैसे दुसऱ्याच्या वाट्याला.

यावर उपाय फार खर्चिक नाही. दोन बादल्या ठेवा. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. फडकं गाडीवरून फिरवलं की आधी साध्या पाण्यात खळबळून घ्यायचं, मगच शाम्पूत बुडवायचं. बादलीच्या तळाला जाळी बसवा, म्हणजे रेती खालीच राहते. चाकांची बादली आणि चाकांची फडकी कायमची वेगळी. धुताना वरून खाली यायचं, कारण सगळ्यात जास्त घाण खाली असते. शाम्पू गाडीचाच वापरा, कपड्याचा किंवा भांड्याचा साबण नको. आणि काम सुरू करण्याआधी अंगठी, घड्याळ, कमरेचा पट्टा काढून ठेवा. पट्ट्याच्या बक्कलाने दरवाजावर रेघ पडायला एक क्षण पुरतो.

आता फडक्याविषयी. इथे मी थोडा अधिकाराने बोलतो, कारण माझा जन्म कापडात गेला. या धंद्यात जे मायक्रोफायबर वापरतात, ते काही जादूचं कापड नाही. आपल्या गिरणीच्या भाषेत सांगायचं तर ९,००० मीटर धाग्याचं जितके ग्रॅम वजन, तितके डेनिअर. मायक्रोफायबरचा एकेक तंतू एक डेनिअरपेक्षाही बारीक असतो. बहुतेक माल पॉलिएस्टर आणि नायलॉनच्या मिश्रणाचा, ८०-२० किंवा ७०-३०. तंतू इतके बारीक, की धूळ त्यांच्यात अडकते, गाडीवर घासली जात नाही. जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन. काचेला पातळ कापड, पाणी टिपायला जाड कापड. बाजारात कापड घेताना हात फिरवून बघा, काठाची शिलाई कडक असेल तर ती उसवा, नाहीतर काठानेच रेघ पडेल. सुती कपड्यांबरोबर ती धुऊ नका, सुताचे तंतू त्यात अडकतात. मऊ करणारं लिक्विड घालू नका, त्याने तंतूंवर थर बसतो आणि पाणी टिपलं जात नाही. कडक इस्त्री किंवा उकळतं पाणी नको. आणि जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा रंगाला लावायचं नाही, मग ते कितीही स्वच्छ दिसो. आमच्या माता-भगिनींना कापड धुण्या-सुकवण्यातलं आमच्यापेक्षा जास्त कळतं. या धंद्यात रोज पन्नास-साठ फडकी निघतात. त्यांची निगा हे वेगळं खातं समजून चालवलं पाहिजे, आणि ते घरातल्या बाईकडून फुकट करून घ्यायचं काम नाही. त्याचीही मजुरी हिशेबात धरा.

पाण्याचा प्रश्न घ्या. टॉवरच्या पार्किंगमध्ये पाण्याचा पाइप मारायला सोसायटी बहुधा परवानगी देत नाही. खाली गटार नसतं, घसरण होते. म्हणून फिरत्या धंद्यात बिनधुण्याची पद्धत चालते. दहा लिटर पाण्यात ठरावीक प्रमाणात द्रव टाकायचं, त्यात आठ-दहा फडकी भिजवायची आणि गाडीचा एकेक भाग फडक्याच्या ताज्या घडीने पुसत जायचं. वापरलेली घडी पुन्हा गाडीला लावायची नाही. एका बादलीत गाडी होते आणि जमिनीवर थारोळं साचत नाही. मात्र पावसाळ्यात चिखलाने माखलेल्या गाडीला ही पद्धत लावू नका. आधी चिखल पाण्याच्या फवाऱ्याने उतरलाच पाहिजे. दुसरं म्हणजे बोअरिंगचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर त्यातले क्षार सुकल्यावर पांढरे डाग ठेवतात, काळ्या गाडीवर तर ते लगेच दिसतात. म्हणून आपलं पाणी आपण न्यावं, आणि गाडी उन्हात तापलेली असताना हात लावू नये.

आपल्या मुंबईच्या गाड्यांची दुखणी ठरलेली आहेत. बांधकामाची सिमेंटची धूळ, कबुतरांची विष्ठा, झाडाचा चीक, समुद्राची खारी हवा आणि ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे कण. हे कण रंगात रुतून बसतात. त्यांच्यावर मारायचं एक द्रव मिळतं, लोखंड सापडलं की ते जांभळं होतं. त्यानंतर मातीच्या गोळ्यासारखी एक क्ले मिळते, ती ओलसर करून फिरवली की पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. विष्ठा सुकलेली असेल तर खरवडू नका. ओलं फडकं तिच्यावर पाच मिनिटं ठेवा, मग उचला.

पॉलिश मशीनविषयी इशारा देतो. पॉलिश म्हणजे क्लिअर कोटचा थोडा भाग घासून काढणं. रेघेच्या खोलीपर्यंत पृष्ठभाग खाली आणला की रेघ दिसेनाशी होते. म्हणजे प्रत्येक पॉलिशला काही मायक्रॉन जातात आणि गेलेले परत येत नाहीत. म्हणून जाडी मोजायचं यंत्र जवळ पाहिजे. पत्रा लोखंडाचा आहे की ॲल्युमिनियमचा हे पाहून, दोन्हींवर चालणारं यंत्र घ्या. एखाद्या दरवाजाची जाडी बाकीच्यांच्या दुप्पट आली तर तो दरवाजा पुन्हा रंगवलेला आहे, हे मालकाला आधी सांगा. मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश आणि मेण कधीच लावायचं नाही, ती कायमची चकाकून बिघडते. आणि कोणी म्हणालं दर महिन्याला पॉलिश करा, तर पैसे मिळत असले तरी नाही म्हणा. का नाही म्हणता हे समजावून सांगा. असा नकार ऐकलेलं गिऱ्हाईक सहसा सोडून जात नाही.

हल्ली सिरॅमिक कोटिंगचा फार बोलबाला आहे. तो काचेच्या जातीचा एक अतिशय पातळ थर आहे. त्यावर पाणी ठरत नाही, घाण लवकर निघते, रसायनांपासून थोडं संरक्षण मिळतं, हे खरं. पण 'नऊ एच' म्हणजे हिऱ्यासारखं कठीण, असं जे सांगतात ते खोटं आहे. ती पेन्सिलच्या टोकाने घेतलेली चाचणी आहे. दगड उडाला तर कोटिंग वाचवत नाही. त्यासाठी पारदर्शक जाड फिल्म लावतात, ते काम वेगळं आणि त्याचं शिक्षणही वेगळं. जे होत नाही ते होतं म्हणून विकू नका. गिऱ्हाईक शिकलेलं असतं, दोन महिन्यांत त्याला कळतं.

गाडीच्या आत तर आणखी सांभाळावं लागतं. चामड्याच्या सीटवर बहुतेक गाड्यांत रंगाचा पातळ थर असतो, त्याला मऊ ब्रश आणि सौम्य क्लीनर पुरतो. बटणं, पडदे, स्पीकर यांच्यावर थेट फवारा मारायचा नाही, फडक्यावर मारून पुसायचं. पावसाळ्यात बंद गाडीत बुरशी धरते, ते काम चांगलं चालतं, पण गाडी पूर्ण सुकल्याशिवाय हातावेगळी करू नका. आणि सर्वांत महत्त्वाचं, चमक आणणारं सिलिकॉनचं द्रव स्टिअरिंगला, पायातल्या पेडलना, ब्रेकच्या चकतीला आणि टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागाला लावायचं नाही. पाय पेडलवरून सटकला तर माणूस मरेल. चमक गेली खड्ड्यात.

आता तुमच्या स्वतःच्या जिवाविषयी. मी संघटनेत काम केलेला माणूस आहे, हे सांगितल्याशिवाय खाली बसणार नाही. चाकं झटपट पांढरी करायला काही ठिकाणी तेजाब वापरतात. त्यातल्या काही प्रकारांत फ्लोराइडचं आम्ल असतं. ते कातडीतून आत शिरतं, हाडापर्यंत पोचतं, आणि दुखायला कधी कधी काही तासांनी सुरुवात होते. असा माल हातात धरू नका. कोणतंही रसायन लेबल वाचून घ्या, हातमोजे आणि चष्मा वापरा, कोंदट पार्किंगमध्ये हवा नसेल तर वासाचा माल उघडू नका. कोल्ड्रिंकच्या बाटलीत रसायन भरून घरी ठेवणं तर सरळ गुन्हा समजा. घरात लहान मुलं असतात. गिरण्यांत कापसाच्या धुळीने किती जणांची फुप्फुसं गेली, हे या सभागृहातल्या जुन्या माणसांना मी सांगायची गरज नाही. तो मोबदला पुन्हा द्यायचा नाही.

हे शिकायचं कुठे? कुर्ल्याच्या जुन्या सुट्ट्या भागांच्या बाजारातून एखादं जुनं बॉनेट आणा. त्यावर मशीन चालवा, रेघा पाडा, रेघा काढा, मुद्दाम एका कोपऱ्यात रंग जाळून बघा. रंग कुठे जातो ते कळलं की हात आपोआप सावध होतो. महिनाभर हे केल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या गाडीला मशीन लावायचं नाही. शिकाऊ असाल तर एक ठरवा, की गोल फिरणाऱ्या जुन्या मशीनऐवजी फिरता फिरता हलणारं दुहेरी गतीचं मशीन घ्यायचं. ते रंग लवकर जाळत नाही.

सुरुवात पायरीने करा. आज तुमच्याकडे महिन्याच्या गाड्या असतील तर त्या लगेच सोडू नका. त्यातल्याच दोन-तीन मालकांना विचारा, की साहेब, रविवारी आतली पूर्ण सफाई करून देऊ का, दर हा असा आहे. पहिली पायरी आतली सफाई आणि बिनधुण्याची पद्धत. त्याला एक चांगला व्हॅक्युम, ब्रश, फडकी आणि दोन-चार बाटल्या पुरतात, सामान स्कूटरवरून नेता येतं. दुसरी पायरी पॉलिश मशीन. तिसरी पायरी छोटी व्हॅन, तिच्यात पाण्याची टाकी, इन्व्हर्टर आणि साहित्याची फळी. पहिल्याच दिवशी कर्ज काढून व्हॅन रंगवून घेणारा पोरगा मला काळजीत टाकतो. गिऱ्हाईक आधी, व्हॅन नंतर.

आता पैशाचा हिशेब. फळ्यावर लिहिल्यासारखा डोळ्यासमोर आणा. समजा एक मुलगा २० गाड्या धुतो आणि गाडीमागे महिन्याला ६०० रुपये मिळतात. झाले १२,००० रुपये. आता समजा एका मोठ्या गाडीचं आत-बाहेरचं पूर्ण काम चार तासांचं, दर ४,००० रुपये. त्यातून साहित्य ५००, प्रवास ३००, यंत्रांची झीज ३००, मदतनिसाची मजुरी ८०० वजा करा. उरले २,१००. आठवड्याला चार कामं धरली तर महिन्याला १६ कामं, म्हणजे ३३,६०० रुपये. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमच्या भागातले दर तुम्ही टाका. पण पद्धत हीच ठेवा. हातात आलेले चार हजार म्हणजे कमाई नव्हे. झीज बाजूला काढली नाही तर मशीन जळेल त्या दिवशी धंदा बंद. पावसाच्या चार महिन्यांत बाहेरची कामं कमी होतात, त्यासाठी तीन महिन्यांचा घरखर्च शिल्लक असल्याशिवाय महिन्याच्या गाड्या पूर्ण सोडू नका.

आणि दर लेखी ठेवा. तोंडी दर सांगितला की समोरचा घासाघीस करतो, कारण आपला माणूस वर बघून बोलत नाही हे त्याला माहीत आहे. छापील कागदावर लिहिलेला दर वाचताना त्याचा सूर बदलतो. बाहेरगावी जाणाऱ्या, मोठ्या माणसांकडे उधारी सर्वांत जास्त राहते हेही लक्षात ठेवा. अर्धी रक्कम आधी, अर्धी काम संपल्यावर त्याच जागी.

विश्वासाची शिस्त सांगतो. काम सुरू करण्याआधी गाडीच्या चारही बाजूंचे फोटो घ्या. आधीचे ओरखडे कागदावर लिहून मालकाची किंवा ड्रायव्हरची सही घ्या. आपल्या पोरांवर चोरीचा, नुकसानीचा आळ फार लवकर येतो. त्याचं कारण मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा तोंडाने भांडण्यापेक्षा सही असलेला कागद पुढे करावा. गाडी स्वतः चालवू नका, हलवायची असेल तर ड्रायव्हरला सांगा. आत सापडलेली वस्तू, मग ते पाच रुपयांचं नाणं असो, पिशवीत घालून यादीसह परत द्या. गाडीत काय दिसलं, कोण आलं-गेलं, याची चर्चा बाहेर करायची नाही. फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचा तर आधी विचारायचं आणि नंबर प्लेट झाकायची. ड्रायव्हर आणि वॉचमन हे आपलेच कष्टकरी बांधव आहेत, त्यांच्याशी मानाने वागा. पण कमिशन देण्यासाठी दर फुगवू नका. मालकाला कळलं तर तुम्हीही जाल आणि ड्रायव्हरही जाईल. दुसऱ्याच्या मालाच्या नुकसानीची भरपाई देणारा विमाही काढा.

कागदपत्रांना घाबरू नका. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सरकारी संकेतस्थळावर होते आणि तिला एक पैसा लागत नाही. एजंट पैसे मागेल, देऊ नका. सेवेच्या धंद्यात आपल्या राज्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. बँकेत धंद्याचं खातं वेगळं काढा. २०१५ पासून मुद्रा योजना आहे, तिच्यात शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज तारणाशिवाय देण्याची तरतूद आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे, तिथल्या योजनांची चौकशी जिल्हा कार्यालयात जाऊन स्वतः करा. एक बोर्ड आणि कपाटभर बाटल्या देऊन लाखो रुपये घेणाऱ्या फ्रँचायझीच्या मागे मात्र आधीच लागू नका. हातात कसब नसेल तर बोर्ड कोणाचाही असो, गिऱ्हाईक थांबत नाही.

मित्रांनो, एक जुनी गोष्ट आठवून देतो, कारण ती या विषयाशी जोडलेली आहे. मुंबईच्या गिरण्यांत आपले लोक सूत खात्यात होते, पण विणकाम खात्यात, जिथे पगार चांगला, तिथे त्यांना घेत नसत. कारण काय? धोट्यातली कांडी बदलली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि त्याचा इतरांना विटाळ व्हायचा. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला, की ही बंदी तुमच्या मागण्यांत का नाही? म्हणजे काम तेच, गिरणी तीच, पण वरच्या पगाराच्या खात्याचं दार बंद. आज तसा विटाळ कोणी उघड बोलत नाही. तरीही पार्किंगमध्ये बघा, बादली कोणाच्या हातात आहे आणि मशीन कोणाच्या हातात आहे. आज त्या दाराला कुलूप जातीचं कमी आणि न शिकवण्याचं जास्त आहे. न शिकवण्याचं कुलूप आपल्याला उघडता येतं.

आणि ज्यांचं दार उघडेल, त्यांना माझं एक सांगणं आहे. उद्या तुमच्या हाताखाली दोन पोरं असतील. त्यांना बदली कामगारासारखं वागवू नका. मजुरी ठरलेल्या दिवशी द्या, हातमोजे तुमच्या खर्चाने द्या, आणि मशीन त्यांच्याही हातात द्या. नुसती बादली त्यांच्याकडे ठेवून कसब स्वतःजवळ दाबून ठेवलंत, तर तुम्ही धंदा केलात खरा, पण मुकादमाचा केलात. तिघा-चौघांनी मिळून सुरू करणार असाल तर भागीदारी कागदावर लिहा. मैत्री तोंडी असावी, हिशेब लेखी असावा.

मी समितीला विनंती करतो, की विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत एक जुनं बॉनेट आणून ठेवू द्यावं. रविवारी सकाळी वंदना झाल्यावर दोन तास ज्याला शिकायचं आहे त्याने यावं. फडकी कशी निवडायची आणि कशी धुवायची एवढं मी शिकवीन. मशीन शिकवायला आपल्यातलेच एक-दोन जण या कामात आहेत, त्यांना मी विचारलं आहे, ते तयार आहेत. मुलींनीही यावं, हे काम ताकदीचं कमी आणि नजरेचं जास्त आहे. फी नाही. येताना एक वही मात्र आणा, कारण पहिल्या दिवसापासून हिशेब लिहायला शिकायचं आहे.